सदाफुली आणि मुंग्या आलेली बोटे

घरापुढच्या कुंडीत किंवा शाळेच्या कुंपणालगत तुम्ही सदाफुली पाहिलीच असेल. पाच पाकळ्यांची, गुलाबी नाहीतर पांढरी, पाणी घालायला विसरलात तरी न रुसणारी. हे झाड मूळचे मादागास्करचे. त्याच्या पानांपासून व्हिन्क्रिस्टिन नावाचे औषध मिळते. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना ते इतर औषधांबरोबर शिरेतून देतात. मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक नव्हे. तरीही या औषधाविषयी तुमच्याशी बोलावेसे वाटते, त्याला कारण आमच्या शेजारची सातवीतली मुलगी.

औषध सुरू झाल्यावर तिचे केस गेले. ते होणार हे घरच्यांना ठाऊक होते. पण पुढे चालता चालता तिची चप्पल पायातून निसटू लागली आणि तिला त्याचा पत्ताही लागेना. अक्षर बिघडले, वहीत ‘अक्षर सुधारा’ असा लाल शेरा आला. एकदा मला म्हणाली, “काका, पेन हातात आहे की नाही, ते बघितल्याशिवाय कळतच नाही.” आजींनी ठरवून टाकले की हे औषध नव्हे, विष आहे. वडीलही पुढचे इंजेक्शन चुकवण्याच्या विचारात होते. यातले बहुतेक सारे रुग्णालयातून मिळालेल्या एका छापील कागदावर लिहिलेले होते. कागद इंग्रजीत होता आणि घडी घालून फायलीत ठेवलेला होता.

आता बोटांचेच असे का व्हावे? पेशीच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्यांचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा चाळीस हजारावा भाग. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढण्याचे काम या नळ्या करतात. व्हिन्क्रिस्टिन ट्युब्युलिनला चिकटते, नळ्या उभ्याच राहत नाहीत, विभाजन अर्ध्यावर अडते आणि पेशी मरते. कर्करोगाची पेशी सारखी दुभंगत असते, म्हणून तिला हा फटका मोठा बसतो. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही भराभर दुभंगतात, म्हणून केस गळतात. उपचार संपले की ते पुन्हा येतात.

मज्जापेशी तर दुभंगत नाहीत, मग त्यांना इजा का? कारण त्यांच्यात याच नळ्या रुळांचे काम करतात. कमरेच्या मणक्यांपाशी असलेल्या पेशीचा तंतू थेट पावलापर्यंत जातो. मोठ्या माणसात ही लांबी जवळजवळ एक मीटर! तंतूच्या टोकाला लागणारा बहुतेक माल मूळ पेशीत तयार होतो आणि या रुळांवरून जातो. त्यातल्या सर्वांत वेगवान मालाचा वेगही दिवसाला फार तर ४० सेंटिमीटर. गणित करा: पावलापर्यंत पोचायला अडीच दिवस. रूळ जागोजागी उखडले, तर आधी उपासमार कोणाची होईल? अर्थात सर्वांत लांबच्या टोकांची. म्हणून मुंग्या आणि बधिरपणा पायाच्या व हाताच्या बोटांपासून सुरू होतो. आतड्यांच्या मज्जातंतूंवर परिणाम झाला की बद्धकोष्ठ होते. काहींचा जबडा दुखतो, काहींचे पाऊल वर उचलत नाही.

तेव्हा ‘दुष्परिणाम’ हा शब्द मला अपुरा वाटतो. औषध एकच काम करते. ते कर्करोगाच्या पेशीत झाले तर आपण त्याला गुण म्हणतो, मज्जातंतूत झाले तर दोष. याच झाडाची हकिकत पाहा. जमैकात लोक मधुमेहावर त्याच्या पानांचा काढा घेत. ते ऐकून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी उंदरांवर प्रयोग केले. साखर काही उतरली नाही, पण अर्क टोचलेल्या उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकदम घटल्या. मधुमेहाच्या औषधाचा दुष्परिणामच म्हणायचा हा! त्यांनी तो टाकून दिला नाही. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हाती आले. व्हिन्क्रिस्टिन त्याचाच भाऊ. अमेरिकेत १९६३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. दोघांच्या रेणूंत फरक फक्त एका छोट्या गटाचा. एवढ्यावर एक भाऊ मुख्यतः पांढऱ्या पेशींना त्रास देतो, तर दुसरा मज्जातंतूंना.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, मुलांना हे सांगू नये, ती घाबरतात. घाबरतात हे खरे. पण ज्या मुंग्यांची कल्पना आधी दिली होती त्या आल्या, तर मूल सांगते; दिली नसेल तर लपवते आणि मोठी माणसे परस्पर औषध थांबवतात. खरा धोका तिथे आहे. ज्या देशांत उपचार नीट पूर्ण होतात तिथे या रोगाची बहुतेक मुले आज वाचतात. त्रास वेळीच कळला तर मात्रा कमी करता येते. आणखी कोणती औषधे चालू आहेत हेही डॉक्टरांना सांगावे लागते, कारण बुरशीवरच्या काही औषधांमुळे व्हिन्क्रिस्टिनचा त्रास वाढतो. माझ्या मते तो कागद मराठीत हवा, आणि बारा वर्षांच्या मुलाला वाचून समजेल असा हवा.

एक पुरवणी. हे वाचून कोणी सदाफुलीची पाने चघळू नयेत, घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांनाही देऊ नयेत. मोठ्या माणसालाही हे औषध एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमहून अधिक देत नाहीत. बारीक मिठाच्या तीस-पस्तीस दाण्यांचे वजन तेवढे भरेल. असली अनेक द्रव्ये पानात असतात, आणि कोणत्या पानात किती, ते चघळणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

त्या मुलीचे वडील दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. मात्रा काही काळ कमी झाली, उपचार थांबले नाहीत. मुंग्या जायला बरेच महिने लागले. बाईंना मी तो इंग्रजी कागद समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी शेरा स्वतःच्या हाताने खोडला आणि त्या सहामाहीला तिची परीक्षा तोंडी घेतली. चप्पल मात्र ती अजून मागे पट्टा असलेलीच घेते.