मेयोच्या कुळांचा बहिष्कार

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, अटलांटिकच्या वाऱ्यापावसाला तोंड देत मेयो ही काउंटी उभी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पूर्वेला चुनखडकावरची कसदार कुरणे, पश्चिमेला डोंगर आणि मैलोन्‌मैल दलदल. या दलदलीतला पीट, म्हणजे वनस्पती कुजून झालेली जळाऊ माती, कापून, वाळवून लोक वर्षानुवर्षे चुली पेटवत आले. उत्तर किनाऱ्यावर असाच पीट कापताना खालून दगडी बांध निघाले. ते होते पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतांचे!

इतकी जुनी शेतीची परंपरा, पण एकोणिसाव्या शतकात जमीन जमीनदारांची आणि कसणारे मात्र कुळे. तुकडाभर निकस रानात कुटुंब जगवणारे पीक एकच, बटाटा. १८४५ पासून त्यावर करपा पडला. १८४१ मध्ये मेयोची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८९ हजार होती. दहा वर्षांत ती पावणेतीन लाखांवर आली. माणसे मेली, परागंदा झाली आणि रिकाम्या जमिनींवर गुरे चरू लागली.

याच मेयोत १८४६ मध्ये मायकेल डेव्हिट जन्मला. चार वर्षांचा असताना घरादारासह बेदखल झाला, अकराव्या वर्षी इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कापडगिरणीत उजवा हात गमावून बसला. १८७९ मध्ये कॅसलबार गावी त्याने शेतकऱ्यांची लँड लीग उभी केली.

पुढच्याच वर्षी जमीनदार लॉर्ड अर्नच्या कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. अर्नने ती नाकारली आणि त्याचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याने बेदखलीच्या नोटिसा काढल्या. मग गडीमाणसे काम सोडून गेली, लोहार येईना, धोबीण कपडे घेईना, बॉलिनरोबचे दुकानदार माल देईनात. पीक काढायला बाहेरून ५० मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी सैन्य. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड खर्च झाल्याचा अंदाज आहे. बॉयकॉट नोव्हेंबरअखेर मेयो सोडून गेला. बहिष्कारासाठीच्या ‘बॉयकॉट’ या शब्दात जगाने मात्र त्याचे नाव लक्षात ठेवले आणि ज्यांनी हे घडवले ती कुळे विस्मरणात गेली, हा सरळसरळ अन्याय आहे.

आपल्याकडेही तेच. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला होता: त्याचे शेत कोणी कसेना, न्हावी फिरकेना. मेयोच्या सहा वर्षे आधी! पुढे सुप्यात दंगे झाले, चौकशी आयोग बसला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. तरी आपल्याकडे बहिष्काराची चर्चा सुरू होते ती १९०५ च्या स्वदेशीपासून. ती करड्यापासून आणि मेयोपासून सुरू व्हायला हवी, आणि तीही शाळेतच. मेयोच्या कुळांच्या पदरात कसती जमीन मोठ्या प्रमाणावर पडली ती १९०३ च्या जमीन-खरेदी कायद्यानंतर. बॉयकॉट गेल्यावरही वीसेक वर्षे त्यांना लढत राहावे लागले, हेही त्याच धड्यात सांगावे.