आठवण्याचे कष्ट
स्पर्धा परीक्षेची पोरं प्रश्नसंच सोडवतात ते बहुधा गुण मोजायला. शिकायला म्हणून सोडवणारी थोडीच. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते वारंवार वाचले, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवेल तेवढे लिहून काढले. ५ मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने लिहिणारे. गंमत म्हणजे, आपल्या लक्षात राहील ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! प्रश्नसंचातही आठवण्याचे हेच कष्ट कामाचे, पण चार पर्याय समोर असले की डोकं आळसावतं. अंदाजाने गुण मिळतो आणि गुणांवरच डोळा असणारा तेवढ्यावर खूश होतो. तेव्हा पर्याय हाताने झाका, उत्तर आधी मनाशी जुळवा, मगच हात काढा.