स्तंभावर नाव, कायद्यात हक्क

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीने पेशव्यांच्या सैन्याशी दिवसभर झुंज दिली. विजयस्तंभावर कोरलेल्या ४९ मृतांपैकी २२ नावे ‘नाक’ने संपतात. ही महार सैनिकांची नावे. पण दगडावर नाव मिळाले, कायद्यात हक्क मिळाला नाही. म्हणूनच १८९०च्या दशकात ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धांत पुढे करून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात ती पुन्हा उघडली आणि नंतर गरज सरो, वैद्य मरो! १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्तंभापाशी आले, तेव्हा ते दार बंदच होते.

हीच तारीख अमेरिकेच्या युद्ध-इतिहासातही आहे. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने बंडखोर राज्यांतील गुलामांना मुक्त घोषित केले आणि त्यांना सैन्यात घेण्याचे लेखी मान्य केले. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय लढले. तरी गोऱ्या शिपायाला १३ डॉलर, काळ्याला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून! मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीने हा पगारच नाकारला. अखेर जून १८६४ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला.

आपल्याकडेही बाबासाहेबांनी सतत पाठपुरावा केला, तेव्हा १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे संविधानाच्या कलम १६ ने सरकारी नोकरीत जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली.

बांधवांनो, स्तंभाला मानवंदना जरूर द्या. पण घरी परतल्यावर मुलांकडून कलम १६ मोठ्याने वाचून घ्या. शौर्य विसरणारी सरकारे अनेक झाली. कायद्याची आठवण आपणच ठेवायची आहे.