सुई कोणाची, आणि हात किती शिकलेला?

अमेरिकी फुटबॉलमधील पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा बचावफळीतील मातब्बर खेळाडू टी. जे. वॉट याच्यावर डिसेंबर २०२५ मध्ये फुफ्फुसाची शस्त्रक्रिया करावी लागली. संघाच्याच सराव केंद्रात घेतलेल्या ‘ड्राय नीडलिंग’ उपचारामुळे त्याचे फुफ्फुस अंशतः आकसले, असे त्याचे बंधू जे. जे. वॉट यांनी जाहीर केले. असा प्रसंग प्रथमच घडला असे नाही. २०१३ मध्ये टोरिन येटर-वॉलेस या तरुण अमेरिकी स्कीपटूच्या फुफ्फुसालाही अशाच उपचारात इजा झाली होती. त्यातून सावरून तो २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरला. वॉटच्या दुखापतीने अमेरिकेतील एक जुना वाद पुन्हा जागा केला आहे. ही सुई हाती धरण्याचा अधिकार कोणाचा, हा तो वाद. वास्तविक, ती धरायला शिकवते कोण आणि तो हात तपासते कोण, हा प्रश्न त्याहून अधिक निकडीचा आहे.

या उपचारात औषध नसते. केसाहून थोडी जाड, भरीव सुई स्नायूतील आवळलेल्या, दाबताच कळ येणाऱ्या गाठीत टोचली जाते. स्नायू क्षणभर फडफडतो आणि सैलावतो. अशा गाठींचा सविस्तर नकाशा अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डॉ. डेव्हिड सिमन्स यांनी मांडला. ट्रॅव्हेल या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य होत्या. पिचकारीतील औषधाइतकाच गुण सुईच्या टोचण्यातही असू शकतो, हे झेक वैद्य कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. तेथून ही सुई डॉक्टरांच्या हातून फिजिओथेरपिस्टांच्या आणि पुढे खेळाडूंच्या दिमतीला असणाऱ्या ‘ॲथलेटिक ट्रेनर’ मंडळींच्या हाती आली.

साहजिकच ॲक्युपंक्चरवाले खवळले. सुई तीच, शरीर तेच, मग नाव बदलून आमचीच विद्या चार दिवसांत कशी शिकता, हा त्यांचा सवाल. आमचा पाया आधुनिक शरीररचनाशास्त्राचा आहे, असे फिजिओथेरपिस्टांचे उत्तर. अमेरिकेत व्यवसायांचे नियमन राज्यागणिक होत असल्याने निकालही राज्यागणिक लागले. वॉशिंग्टन राज्यातील न्यायालयाने २०१४ मध्ये हा उपचार फिजिओथेरपिस्टांच्या कक्षेबाहेरचा ठरविला, तर नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नेमका उलटा कौल दिला. फ्लोरिडाने २०२० मध्ये कायदा करून दार उघडले. कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क यांनी मात्र ते दीर्घकाळ बंद ठेवले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये आपला कल स्पष्ट केला: ही शरीरात शिरणारी प्रक्रिया असल्याने सुई नित्य हाताळणाऱ्या डॉक्टर वा परवानाधारक ॲक्युपंक्चरतज्ज्ञांसारख्यांनीच ती करावी.

अधिकार मिळाला तरी प्रशिक्षण किती, याचे उत्तर तर गमतीदारच आहे. मेरीलँडमध्ये ८० तास, फ्लोरिडात समोरासमोरचे ५० तास व देखरेखीखालील २५ रुग्णसत्रे, ॲरिझोनात २४ तास. राज्याची सीमा ओलांडली म्हणून मानवी छातीची रचना बदलत नाही, हे येथे कोणी ध्यानात घेतलेले दिसत नाही. फिजिओथेरपी मंडळांच्या राष्ट्रीय महासंघाने २०१५ मध्ये एक पाहणी करून घेतली. तीत या उपचारासाठी लागणाऱ्या ज्ञानापैकी ८६ टक्के पदवी शिक्षणातच मिळते, असा निष्कर्ष निघाला. हा आकडा अभ्यासक्रम विकणाऱ्यांच्या फार सोयीचा ठरला. पण उरलेल्या भागात नेमके काय येते? सुई हाताळण्याचे आणि सुईच्या टोकाशी काय आहे हे ओळखण्याचे कौशल्य, म्हणजेच सारा धोका जेथे आहे तो भाग.

खांद्यावरील स्नायू चिमटीत उचलून धरायचा आणि सुई त्या चिमटीतच राहील अशी टोचायची. बरगडीवरील स्नायूत टोचताना दोन बोटांनी वरची आणि खालची फट झाकायची, म्हणजे सुई हाडावरच थांबेल. हे वाक्यात सोपे आहे. बोट किंचित सरकले, रुग्ण दचकला किंवा खोकला, तर सुई आणि फुफ्फुसावरण यांच्यात फारसे अंतर उरत नाही. शनिवार-रविवारच्या वर्गात शिकणारे बहुधा एकमेकांनाच सुया टोचतात. समोरचे शरीर तरुण, निरोगी आणि शरीरशास्त्र जाणणारे असते. सोमवारी चिकित्सालयात येणारा रुग्ण सत्तरीचा, कृश, दम्याचा असू शकतो. त्याच्यावरची पहिली सुई कोणाच्या नजरेखाली टोचली जाते? फ्लोरिडाची २५ सत्रांची अट त्या दृष्टीने निव्वळ तासांपेक्षा शहाणपणाची आहे. शिवाय अनेकदा वर्ग चालविणारी खासगी संस्थाच परीक्षा घेते आणि प्रमाणपत्रही तीच देते. शुल्क भरलेल्याला नापास करण्यात तिचे काय हित?

अर्थात धोक्याचा बागुलबुवा करण्याचेही कारण नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४२० फिजिओथेरपिस्टांच्या वीस हजारांहून अधिक सत्रांची नोंद घेण्यात आली. रक्ताचा थेंब, काळानिळा डाग, ठणका असे किरकोळ त्रास ३६.७ टक्के सत्रांत आढळले. गंभीर प्रसंग २०, म्हणजे सुमारे हजारात एक. डॉक्टरांची सुई चुकतच नाही असेही नाही. २०२० मध्ये चार्जर्स संघाच्या टायरॉड टेलरच्या फुफ्फुसाला छिद्र पडले ते संघाच्या डॉक्टरने दिलेल्या इंजेक्शनने. मात्र हजारात एक हे प्रमाण दिवसाला दहा-वीस सुईसत्रे करणाऱ्याच्या कारकिर्दीत फार दूरचे राहत नाही. आणि लाभाचा पुरावा प्रामुख्याने अल्पकाळ वेदना कमी होण्यापुरता आहे, हेही या हिशेबात धरावे लागते.

ॲथलेटिक ट्रेनरांची स्थिती आणखी नाजूक. त्यांच्याविषयी अनेक राज्यांचे कायदे संदिग्ध आहेत. त्यांचा पगार संघ देतो आणि खेळाडू रविवारच्या सामन्याला उभा राहावा, ही अपेक्षाही संघाचीच असते. फुफ्फुसाची इजा कधी कधी काही तासांनी, धाप, छातीत कळ वा कोरड्या खोकल्याच्या रूपाने प्रकट होते. तोवर खेळाडू मैदानावर किंवा विमानातही असू शकतो. दबावाखाली घाई न करणे आणि ‘आज सुई नको’ असे म्हणणे हा प्रशिक्षणाचाच भाग असला, तरी तास मोजणाऱ्या नियमांत तो मावत नाही.

हा वाद महाराष्ट्रालाही परका नाही. ही सुई येथील अनेक फिजिओथेरपिस्टही वापरतात आणि तिचे अल्पमुदतीचे वर्गही भरतात. राज्यात फिजिओथेरपीची परिषद आहे, ॲक्युपंक्चरसाठी निराळा कायदा आहे आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगही आला. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावापुढे ‘डॉक्टर’ लावू नये, असे पत्र केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने काढले आणि लगोलग मागेही घेतले. उपाधीचा तो तंटा कधी मिटेल तेव्हा मिटो. खांद्यात सुई टोचून घेणाऱ्याला आजच विचारता येण्याजोगे प्रश्न निराळे आहेत: छातीलगतच्या भागात आजवर किती जणांना सुई टोचली, हात कोणी तपासला, आणि रात्री धाप लागली तर फोन कोणाला करायचा.