खिसा छोटा, सेन्सर मोठा!

दादरला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, टू बीएचके, कार पार्किंगसकट, समोर मैदान... आणि बजेट? विरारचं! अशी डिमांड घेऊन गेलात तर इस्टेट एजंट तुम्हाला कटिंग पाजेल आणि प्रेमाने दरवाजा दाखवेल. फोटोवेड्या मंडळींची कॅमेरा कंपन्यांकडे गेली वीस वर्षं डिट्टो हीच डिमांड आहे. सेन्सर डीएसएलआरएवढा हवा, लेन्स झूम हवी आणि तीही एफ २.८, डोळ्याला लावायला व्ह्यूफाइंडर हवा, पावसाचे चार थेंब पडले तर कॅमेऱ्याने रुसायला नको. आणि हे सगळं जीन्सच्या खिशात मावलं पाहिजे. बस्स, एवढंच!

मीही याच जमातीतला. म्हणून आज आमच्या या यादीचं जरा पोस्टमॉर्टेम.

आधी सेन्सरचा फंडा क्लिअर करू. पूर्वी सगळ्यांच्या हातात असायचे त्या साध्या पॉइंट-अँड-शूटचा सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा. नखावर मावेल एवढा. 'एक इंच' नावाने मिरवणारा सेन्सर ११६ चौरस मिलिमीटरचा. (त्यात एक इंच कुठेच सापडत नाही बरं का! तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या ट्यूबवरून आलंय.) एपीएस-सी साधारण ३७० आणि फुल फ्रेम तब्बल ८६४. पागोळ्यांखाली ठेवलेली वाटी आणि बादली, एवढा हा फरक. बादलीत प्रकाश जास्त जमा होतो, म्हणून रात्रीच्या फोटोत रवाळपणा कमी आणि सावलीतले डिटेल्स जास्त.

पण एक इंचाची ऐट आता उरलेली नाही. २०१२ मध्ये सोनीचा आरएक्स१०० आला तेव्हा खिशात एक इंच म्हणजे चमत्कार होता. २०२३ मध्ये शाओमी १३ प्रो या फोनमध्ये तोच साइज आपल्याकडे विकायला आला. त्यामुळे फोन असताना वेगळा कॅमेरा घ्यायचा, तर एपीएस-सी किंवा त्याच्या वरचा. इथपर्यंत आमची मागणी शंभर टक्के रास्त आहे.

घोळ होतो तो झूमपाशी. सेन्सर मोठा केला की त्याला झाकेल एवढं प्रकाशाचं वर्तुळ लेन्सने पाडायला हवं, म्हणजे लेन्सही त्याच प्रमाणात फुगते. ती फुगू द्यायची नसेल तर अॅपर्चर लहान करा. कॅननने २०१७ मध्ये जी१ एक्स मार्क थ्री काढून नेमकं हेच केलं. एपीएस-सी सेन्सर, २४ ते ७२चा झूम, वर व्ह्यूफाइंडर. कागदावर झक्कास! पण अॅपर्चर एफ २.८ पासून सुरू होऊन झूम करता करता एफ ५.६ वर येतं. समोर ठेवा सोनीचा २०१४ चा आरएक्स१०० मार्क थ्री: एक इंच सेन्सर, २४ ते ७०, एफ १.८ ते २.८. आता दोघांचं गणित फुल फ्रेमच्या भाषेत मांडू. त्यासाठी सोनीच्या आकड्यांना २.७ ने आणि कॅननच्या आकड्यांना १.६ ने गुणायचं. झूमच्या टोकाला सोनी येतो साधारण एफ ७.६ वर आणि कॅनन एफ ९ वर. म्हणजे तिथे छोट्या सेन्सरवाला जास्त प्रकाश गोळा करतो! मोठी बादली घेतली, पण तिचं तोंड बांधून टाकलं. जी१ एक्सची पुढची आवृत्ती आलीच नाही, यात मला फारसं नवल वाटत नाही.

टिकले ते वेगळेच. ज्यांनी आमची यादी वाचली आणि अर्ध्या गोष्टींना सरळ 'नाही' म्हटलं, ते.

या 'नाही'ची सुरुवात सिग्माने केली. २००८ चा डीपी१ खिशात मावायचा, आत डीएसएलआरवाला फोव्हिऑन सेन्सर, झूमच्या नावाने शिमगा. चित्र सुरेख, पण स्पीड म्हणजे सरकारी कचेरी! एक रॉ फोटो काढला की कार्डावर लिहून होईपर्यंत ताटकळत बसा. मग २०११ मध्ये फुजीफिल्मचा एक्स१०० बाजारात आला. फिक्स्ड ३५ मिलिमीटरचा अँगल, एफ २. पहिल्या दिवसात त्याचा ऑटोफोकस इतका चाचपडायचा की पब्लिक वैतागलं होतं. पण कंपनी फर्मवेअर देत राहिली, अगदी पुढचं मॉडेल बाजारात आल्यावरही. गिऱ्हाईक एका ब्रँडला चिकटून राहतं ते अशाने, सेलिब्रिटीच्या जाहिरातीने नाही. २०१२ मध्ये सोनीने आरएक्स१ मध्ये चक्क फुल फ्रेम कोंबला, किंमत २,७९९ डॉलर! आणि २०१३ मध्ये रिकोचा जीआर एपीएस-सी झाला.

हा जीआर म्हणजे माझ्या मते आमच्या जमातीला खरं काय हवंय त्याचं उत्तर. तो दिसायला अगदीच मख्ख आहे. लोकलमध्ये कुणी ढुंकूनही बघणार नाही. व्ह्यूफाइंडर नाही, झूम नाही, स्क्रीन हलत नाही. २०१९ च्या जीआर थ्रीमधून तर फ्लॅशही काढून टाकला. वजन बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, जाडी ३३ मिलिमीटर, आणि एका सेकंदाच्या आत चालू. जपानचे दाइदो मोरियामा फिल्मच्या जमान्यापासून जीआर घेऊन रस्त्यावर फिरतात, ते काय उगाच?

त्यातली खरी चीज म्हणजे स्नॅप फोकस. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा अडीच मीटर, आणि अॅपर्चर एफ ८. या २८ मिलिमीटरवाल्या लेन्सला एवढ्यावर साधारण सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं शार्प मिळतं. आता बटण एका दमात पूर्ण दाबा. कॅमेरा फोकस शोधत बसतच नाही, फोटो निघालेला असतो. प्लॅटफॉर्मवर धावत्या ट्रेनला लटकणारा पोरगा, सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या आजीने नातवाच्या कानाखाली काढलेला जाळ... हे क्षण मेगापिक्सेलसाठी थांबत नाहीत. फोन खिशातून काढा, अनलॉक करा, अॅप उघडा, तोवर नातवाचं रडून झालेलं असतं! दिसणं आणि मिळणं यातलं अंतर कमी करा, एवढीच आमची मूळ मागणी. सेन्सर, डायल, व्ह्यूफाइंडर ही सगळी तिचीच पिल्लं.

एक्स१०० वाल्यांचं सुख थोडं निराळं. शटर स्पीडची चाकी वरच, अॅपर्चरची रिंग लेन्सवर, म्हणजे कॅमेरा बंद असतानाही सेटिंग कळतं. त्याचं लीफ शटर इतकं मुकाट चालतं की गाण्याच्या बैठकीत पुढच्या रांगेतले काका मागे वळून बघत नाहीत. वर भर दुपारच्या हळदीला सेकंदाच्या हजाराव्या भागालाही फ्लॅश जुळवता येतो. डीएसएलआर साधारण अडीचशेव्या भागापाशीच हात टेकतो. झूमची भूक मेगापिक्सेलवर भागवायची सोयही आता झालीये. २०२४ च्या एक्स१००व्हीआयमध्ये ४० मेगापिक्सेल आहेत. मधला तुकडा कापून ७० मिलिमीटरचा अँगल घेतलात तरी १० उरतात, आणि ते भरपूर झाले. फक्त तो ५२१ ग्रॅमचा, साडेपाच सेंटिमीटर जाडीचा ऐवज खिशात मावतो म्हणणारे जॅकेटच्या खिशाबद्दल बोलत असतात. मे महिन्यात परळला जॅकेट कोण घालतं, बॉस?

आता कडू गोळी. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट बाजारात गेले. २०२३ मध्ये वीस लाखही नाहीत. जे उरलं ते महागच असणार. आणि आम्ही हौशी म्हणजे आवाज मोठा, पाकीट लहान. निकॉनने फेब्रुवारी २०१६ मध्ये डीएल नावाचे तीन कॅमेरे जाहीर केले, आम्ही टाळ्या पिटल्या. बरोब्बर वर्षाने कंपनीने ते विकायला न आणताच गुंडाळले. कारणांमध्ये नफ्याचं गणित बसत नाही हेही होतं. उलट एक्स१००व्ही २०२२ च्या सुमारास टिकटॉकवर हिट झाला आणि सेकंडहँड कॅमेरे नव्यापेक्षा महाग गेले. (टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद, पण लाट इन्स्टावरून आलीच.) काही जुने फुजीवाले अजून त्या पोरापोरींच्या नावाने बोटं मोडतात. मी नाही मोडणार. त्यांनी रांगा लावल्या म्हणून तर हा प्रकार जिवंत राहिला. २०२५ मध्ये जीआर फोर आला, आरएक्स१आर थ्री आला. दुसऱ्याची किंमत मात्र पाच हजार डॉलरच्या वर. ती वाचून मी पेपर घडी करून ठेवला.

एक्स१००व्हीआय आपल्याकडे आला तोच दीड लाखाच्या वर. बारा महिन्यांचा ईएमआय बांधून घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. महिनाभर फोनची झूम वापरायचीच नाही, सगळे फोटो १एक्स वर. तो अँगल जवळपास जीआरचाच, किंचित रुंद. दहाव्या दिवशी बोटं शिवशिवायला लागली, पुढे सरकून फोटो काढायचा कंटाळा आला, तर फिक्स्ड लेन्स तुमच्यासाठी नाही. छोटी मिररलेस बॉडी आणि एखादी चपटी लेन्स घ्या, सुखी व्हाल. मजा आली, तर जीआर. सारखं 'अजून थोडं जवळ हवं' वाटलं, तर एक्स१०० किंवा २०२१ चा जीआर थ्री एक्स, त्याचा अँगल ४० मिलिमीटरचा.

सेकंडहँडसाठी फोर्टातल्या बोरा बझारात जाणार असाल तर एक काम आठवणीने करा. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, म्हणजे आत गेलेली धूळ घरी पुसता येत नाही. जीआर थ्रीला तर वेदर सीलिंगही नाही, आणि एक्स१००व्हीआयलाही अॅडॉप्टर रिंग आणि फिल्टर वेगळे लावल्यावरच ते पूर्ण होतं. दुकानाबाहेर या, एफ १६ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर झूम करून चारही कोपरे बघा. करडे ठिपके दिसले तर भाव कितीही पाडून दिला तरी पुढचं दुकान गाठायचं.