शिडाची थट्टा

यंत्रांशी माझा संबंध सायकलच्या पंपापुरता. कॉलेजात मराठी शिकवावी आणि घरी जे कळत नाही त्याची थट्टा करावी, असा माझा जुना शिरस्ता आहे.

आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. परवाच्या रविवारी पाहुणे बसले असताना ते एक चित्र घेऊन आले. अमेरिकी लष्कराजवळ पूर्वी असलेलं, जमिनीवर आणि पाण्यात सारखंच चालणारं एक वाहन. नाव लार्क. लार्क म्हणजे चंडोल ना हो? हा चंडोल १९ मीटर लांब, एकेक चाक ९ फूट उंच आणि दर चाकाला स्वतंत्र डिझेल इंजिन! जहाजावरचा ६० टन माल घेऊन सरळ वाळूवर चढायचा. बंदराची गरजच नाही.

"पाण्यात वेग किती?" मी विचारलं.

"ताशी बाराएक किलोमीटर."

"एवढाच? मग शीड लाव की! डिझेल वाचेल. डोलकाठीला तुझ्या आजीचं नऊवारी बांधू, किनाऱ्याला लागलं की तिथंच वाळत घालू."

पाहुणे पोट धरधरून हसले. चिरंजीवांनी चित्राची घडी केली नि आत गेले.

"हसवलंत खरं," रात्री सौ. म्हणाली, "आता तो पुन्हा काही दाखवील तेव्हा बघा."

दहा दिवस त्यानं काही दाखवलं नाही. जेवताना 'वाढ' आणि 'पुरे', एवढंच बोलणं.

अकराव्या रात्री न्हाणीघरात दिवा दिसला. घंगाळात बिस्किटांचा पत्र्याचा डबा तरंगत होता; त्यावर विणायची सुई आणि माझा रुमाल.

"शीड लागतं, बाबा," मान वर न करता तो म्हणाला. "पण तळ सपाट, खाली कणा नाही. बाजूचा वारा आला की खेकड्यासारखं आडवं सरकतं. पाठचा वारा असेल तर जाईल."

"आणि परत?"

"त्यासाठीच तर इंजिनं. आणि तुमची कल्पना जुनी आहे. १६०० च्या सुमारास हॉलंडात सायमन स्टेव्हिननं शिडाची गाडी किनाऱ्यावरून पळवली होती. चांगली २८ माणसं बसवून."

थट्टेलाही चारशे वर्षं झालेली! मी पायरीवर बसलो. त्यानं घडी केलेलं वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं.

"वारा घाला. समोरून नको, बाजूनं."

मी बाजू बदलली.