विश्लेषण : पेठ बदलली, पुढे काय? कोल्हापूरच्या फुटबॉलपटूंच्या ‘ट्रान्स्फर’चे गणित

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन अर्थात केएसएकडे खेळाडूंची नोंदणी सुरू झाली, की शाहू स्टेडियमवर चेंडू पडण्याआधीच एक सामना रंगतो. कोण कोणत्या तालमीकडे गेला, कोणी कोणाला फोडला, याची चर्चा चहाच्या गाड्यापासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत चालते. कालपर्यंत ‘आपला’ असलेला स्ट्रायकर आज ‘त्यांचा’ होतो आणि क्षणात गद्दारही ठरतो. या गदारोळात एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. संघ बदललेल्या या विशीतल्या, बहुतेकदा कॉलेजात शिकणाऱ्या मुलाची कारकीर्द त्यामुळे पुढे सरकली का?

संघ बदलणे एवढे मनाला का लागते?

कारण इथे संघ म्हणजे नुसता क्लब नाही. खंडोबा तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ म्हणजे शिवाजी पेठ, तर पाटाकडील तालीम आणि बालगोपाल म्हणजे मंगळवार पेठ. कुस्तीच्या तालमींनीच या शहरात फुटबॉल वाढवला. खेळाडू त्याच गल्लीत वाढलेला, वर्गणी त्याच गल्लीची आणि गॅलरीतला आवाजही तिथलाच. त्यामुळे खेळाडू गेला, की घरातले कोणी दुरावल्यासारखे वाटते. ही निष्ठा खोटी नाही. देशात अनेक ठिकाणी व्यावसायिक सामन्यांना प्रेक्षक मिळत नसताना कोल्हापुरात स्थानिक लीगला स्टेडियम भरते, ते या निष्ठेमुळेच.

पण निष्ठेवर घर चालत नाही. नामांकित संघात जागा मिळत नसेल तर मुलगा बाकावर किती हंगाम बसणार? दुसरीकडे मानधन बरे मिळत असेल तर नकार कशाला देणार? त्यातच गेल्या काही वर्षांत परराज्यांतील आणि आफ्रिकी देशांतील खेळाडू इथल्या संघांतून खेळू लागले. खेळाचा दर्जा वाढला, तशी मोक्याच्या जागांसाठी स्थानिक मुलांची स्पर्धाही वाढली. अशा वेळी संघ बदलणे हा गुन्हा नव्हे, तर साधा व्यवहार आहे.

अमेरिकेतील कॉलेज खेळाडू काय करतात?

या प्रश्नावर सध्या सर्वाधिक चर्चा अमेरिकेत आहे. तिथला कॉलेज फुटबॉल हा हातात चेंडू घेऊन खेळायचा वेगळा खेळ, पण पेच ओळखीचा आहे. पूर्वी कॉलेज बदलले, की खेळाडूला साधारण वर्षभर सामन्यांबाहेर बसावे लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्स्फर पोर्टल’ ही ऑनलाइन यादी सुरू झाली. ज्याला कॉलेज बदलायचे आहे त्याचे नाव यादीत येते आणि इतर कॉलेजांना त्याच्याशी उघडपणे बोलता येते. २०२१ मध्ये एकदा आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळून कितीही वेळा, बाहेर न बसता संघ बदलण्याची मुभा मिळाली.

जो बरो हे त्याचे ठळक उदाहरण. ओहायो स्टेट विद्यापीठात त्याला पहिल्या संघात जागा मिळत नव्हती. २०१८ मध्ये पदवी पूर्ण करून तो लुइझियाना स्टेटकडे गेला. पदवीधर असल्याने जुन्या नियमातही त्याला बाहेर बसावे लागले नाही. २०१९ च्या हंगामात तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, संघ विजेता झाला आणि २०२० मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिले नाव त्याचेच पुकारले गेले.

पण प्रत्येक जण बरो नसतो. पोर्टलमध्ये नाव घातल्यावर नवे कॉलेज मिळेलच याची खात्री नसते आणि जुन्या कॉलेजवर शिष्यवृत्ती पुढे चालवण्याचे बंधन राहत नाही. तरीही एक गोष्ट तिथे पक्की आहे. संघ बदलणाऱ्याच्या डोक्यावर पुढची पायरी स्पष्ट दिसते. कोल्हापुरात नेमकी तीच दिसत नाही.

कोल्हापूरचे जे वर गेले, ते कसे गेले?

अनिकेत जाधवचे उदाहरण बोलके आहे. कोल्हापूरचा हा मुलगा प्रशिक्षणासाठी लहान वयातच पुण्याला गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो देशाकडून खेळला. पुढे इंडियन अ‍ॅरोज, जमशेदपूर आणि हैदराबाद असा त्याचा प्रवास झाला. कोल्हापूरचाच निखिल कदम २०१७-१८ च्या हंगामात कोलकात्याच्या मोहन बागानकडून आय-लीग खेळला.

संघ यांनीही बदलले, पण त्यांचा बदल उभा होता, एका पायरीवरून वरच्या पायरीवर. कोल्हापुरातील बहुतेक बदल आडवे असतात. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत, दोन हंगामांनी तिसरीकडे आणि कधी पुन्हा पहिलीकडे. मैदान तेच, प्रतिस्पर्धी तेच, गॅलरीही तीच. मानधन थोडे वाढते, पण त्याला पाहायला येणारे डोळे बदलत नाहीत. पंचविशीनंतर पाय जड होतात, तेव्हा हातात चषकांचे फोटो उरतात.

मधली पायरी कुठे गेली?

ही पायरी एकेकाळी चार-साडेचार तासांवर, पुण्यात होती. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला होता. या क्लबची अकादमीही होती. काही वर्षांतच तो बंद पडला. भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ मध्ये थांबला. आयएसएलमधील एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. कोल्हापूरचा अनिकेत नंतर त्याच हैदराबादकडून खेळला, हा योगायोग बरेच काही सांगून जातो. पायरीच पुण्यातून उचलून परराज्यात नेली गेली.

वरच्या पायऱ्याही डळमळीत आहेत. जुलै २०२५ मध्ये आयएसएलच्या आयोजकांनी नवा हंगाम स्थगित ठेवत असल्याचे क्लबांना कळवले, तेव्हा देशातील अव्वल खेळाडूही हवालदिल झाले. अशा परिस्थितीत कोल्हापुरातील एखाद्या मुलाने हातातले खात्रीचे मानधन सोडून दूरच्या शहरात चाचणीला जाण्याचे धाडस केले नाही, तर त्याला दोष देता येणार नाही.

खेळाडू गेला तर तालमीला काय मिळते?

बहुतेकदा मनस्तापच. वास्तविक, जागतिक नियमांत याचे उत्तर आहे. खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला किंवा २३ व्या वर्षापर्यंत तो दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला, तर त्याला घडवणाऱ्या क्लबांना ‘प्रशिक्षण भरपाई’ मिळावी, असे ‘फिफा’ सांगते. शिवाय आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतील पाच टक्के वाटा, तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या क्लबांकडे नोंदलेला होता, त्यांच्यात वाटला जातो. हे पैसे वेळेवर पोहोचावेत म्हणून २०२२ मध्ये फिफाने स्वतंत्र क्लिअरिंग हाउस सुरू केले.

अट एकच, ती म्हणजे नोंद. मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षापासून कोणाकडे खेळत होता, हे अधिकृत कागदावर असले पाहिजे. भारतीय फुटबॉल महासंघाची त्यासाठी ऑनलाइन नोंदणी व्यवस्था आहे. तालमीच्या पटांगणावर रोज पहाटे घाम गाळणाऱ्या मुलांची नोंद मात्र वरिष्ठ संघात आल्यावरच झाली, तर त्याआधीची वर्षे हिशेबात धरली जात नाहीत. ‘आम्ही घडवला’ हे अभिमानाने सांगता येते, पण कागदाशिवाय दावा करता येत नाही.

कॉलेज आणि नोकरीचे काय?

कोल्हापूरच्या खेळाडूसाठी दुसरी शिडी शिक्षणाची आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी लागते ती मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरी. नेत्यांच्या नावाने भरणाऱ्या चषकात कितीही गोल केले, तरी त्या प्रमाणपत्राला तिथे वजन नाही. शिवाजी विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळणे किंवा राज्याच्या संघातून संतोष करंडक खेळणे, हा मार्ग लांबचा असला तरी पुढे नेणारा आहे. असे असताना स्थानिक सामना आणि कॉलेजची स्पर्धा एकाच आठवड्यात आली, तर मुलावर दबाव येतो तो पेठेचाच. परीक्षा आली तरीही तसाच. अमेरिकेत बरोला संघ बदलताना उपयोगी पडली ती हातातली पदवी, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

मग काय बदलायला हवे?

पहिली गोष्ट, लेखी करार. मानधन किती, ते कोणत्या तारखेला आणि दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा, या तीन ओळी कागदावर असल्या तरी निम्मे वाद मिटतील. गुडघ्याचा लिगामेंट तुटला, की शब्दावर ठरलेले सगळे हवेत विरते आणि शस्त्रक्रियेचे बिल आई-वडिलांपुढे येते.

दुसरी, वर जाण्याची मोकळीक. हंगाम सुरू असतानाही आय-लीग किंवा त्याच्या खालच्या राष्ट्रीय श्रेणीतून बोलावणे आले, तर खेळाडूला अडवू नये, असे कलम प्रत्येक करारात असावे. पेठेतून पेठेत जाताना नियम कडक ठेवावेत, शहराबाहेर वर जाताना दार उघडे ठेवावे.

तिसरी, तालमींनी बारा वर्षांपासूनच्या मुलांची अधिकृत नोंदणी करावी. बाहेरचा खेळाडू आणण्यावर होणाऱ्या खर्चातील थोडा भाग या कामाला आणि लहान गटांच्या प्रशिक्षकाला दिला, तरी पुरेसा आहे.

आणि चौथी गोष्ट गॅलरीची. विरोधी पेठेच्या जर्सीतला मुलगा दिसला, की शिव्यांचा पाऊस पडतो. तो मुलगा कालपर्यंत याच गॅलरीसाठी पळत होता. कोल्हापूरने पैलवान कोणत्या तालमीचा आहे हे पाहिले, पण तो देशात गाजला तेव्हा सगळ्या शहराने मिरवले. फुटबॉलपटूलाही तेवढे मोठे मन मिळायला हवे. पेठ बदलली म्हणून रागावण्यापेक्षा, हा मुलगा अजून कोल्हापुरातच का अडकला आहे, याचा राग येणे जास्त गरजेचे आहे.